साबणवाली थांबली होती

रेडिओ केंद्रात त्याला सगळे कात्री म्हणायचे. खरी कात्री त्याच्या हातात कोणी कधी पाहिली नव्हती. कापाकापी संगणकावर चालायची. पण नाव पडलं ते पडलं. लोक बोलायला यायचे, बोलून जायचे आणि त्यांच्यामागे राहिलेला पसारा कात्रीसमोर यायचा. खोकला, खाकरणं, खुर्चीची कुरकुर, 'अं', 'म्हणजे', 'काय म्हणतात त्याला', एकच वाक्य तीनदा सुरू करून सोडून देणं. हे सगळं तो काढून टाकायचा. पडद्यावर आवाजाची रेघ डोंगरासारखी वरखाली होत पळायची आणि माणूस बोलायचा थांबला की सपाट व्हायची. सपाट जागा दिसली की त्याचा हात आपोआप तिकडे जायचा. दोन्ही टोकं धरायची, मधलं उडवायचं, टोकाला टोक जुळवायचं. हात इतका बसलेला, की सांधा कुठे होता हे नंतर त्याचं त्यालाही सापडलं नसतं.

आठवड्यातून एकदा सकाळी 'आपल्या पायावर' हा कार्यक्रम लागायचा. नोकरी सोडून धंद्यात पडलेली माणसं त्यात यायची. निवेदिकेचा आवाज इतका गोड की केंद्रात तिला साखर म्हणत, आणि तिलाही ते नाव आवडायचं. साखरेचा एक नियम होता: पाहुणा अडखळता कामा नये. सकाळी सकाळी घाबरलेला माणूस ऐकायला वेळ कोणाला आहे, असं ती म्हणायची. दाढी करता करता लोकांना जरा उभारी आली पाहिजे. मग कात्री पाहुण्यांना उभारी द्यायचा. स्टुडिओत घामाघूम होऊन पाण्याचे ग्लास रिचवत बसलेला माणूस रेडिओवर मात्र जन्मापासून मालक असल्यासारखा बोलायचा.

दुपारी त्याच्याकडे व्यापार-उद्योगाच्या बातम्या असायच्या. तिथला नियम उलटा. कोणी नवं दुकान उघडलं तर ती बातमी नव्हती. कोणाचं दिवाळं वाजलं, कोणाच्या कारखान्याला टाळं लागलं, कोण भागीदाराला गंडवून पसार झाला, ही बातमी. वृत्तप्रमुखांना अशा बातमीखाली जड ठोक्याचं संगीत हवं असायचं. बंद फाटकासमोर उभ्या असलेल्या माणसाचा हुंदका कापायचा नाही, उलट थोडा वर आणायचा, अशी सक्त ताकीद होती.

त्यामुळे धंदा करणारी माणसं कात्रीला दोनच प्रकारची माहीत होती. एक कधीच न अडखळणारी, दुसरी गळ्यापर्यंत बुडालेली. मधला माणूस रेडिओवर येतच नसे. असा कोणी असतो का, हा प्रश्नही त्याला कधी पडला नव्हता. बायकोने धंद्याची गोष्ट काढली, तेव्हा पडला.

बायको दात बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचे ठसे तिथे पाठवायचे, त्यावरून प्लास्टरचे साचे व्हायचे आणि त्या साच्यावर ती बारीक ब्रशने पोर्सेलीनची ओली पूड थरावर थर चढवून दात उभा करायची. मग भट्टी, मग घासणं, पुन्हा थर, पुन्हा भट्टी. दात पांढरा नसतो, हे कात्रीला लग्नानंतर कळलं. मुळाशी पिवळसर, कडेला निळसर, मध्येच कुठेतरी धुरकट. शेजारच्या खऱ्या दाताशी तो रंग जुळवायचा तर उजेड लागतो, आणि तोही दिव्याचा नाही, खिडकीचा. तिचं टेबल कित्येक वर्षं खिडकीशी होतं.

मग लॅबच्या मालकाने दात कोरून काढणारं यंत्र आणलं. यंत्र अवाढव्य; ते मावत होतं फक्त खिडकीच्या बाजूला. बायकोचं टेबल आतल्या खोलीत गेलं, पांढऱ्या ट्यूबलाइटखाली. तिथे केलेले दात परत येऊ लागले. रंग लागत नाही म्हणून डॉक्टरांचे फोन येऊ लागले, आणि मालक ते फोन उचलून सरळ तिच्या हातात देऊ लागला.

त्या डॉक्टरांपैकी एक वयस्कर होते. तिचं जुनं काम त्यांना माहीत होतं. त्यांनी तिला सांगितलं की माझ्या दवाखान्यामागे एक खोली रिकामी पडली आहे, दिवसभर ऊन न येता उजेड येतो, तुझं तूच का काढत नाहीस. माझं काम देईन, आणखी दोघा डॉक्टरांना सांगेन. भट्टीचीही सोय होत होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला एकाने स्वतःची लॅब बंद केली होती, त्याची भट्टी विकायची होती. फक्त शुक्रवार संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळव, डॉक्टर म्हणाले. नंतर मी खोली दुसऱ्या कोणाला देईन.

बायकोने हे जेवताना सांगितलं आणि कात्रीचा घास हातातच राहिला. एवढ्या सगळ्यातून त्याने एकच गोष्ट उचलली.

"म्हणजे ज्या भट्टीने एकाला बुडवलं, तीच आपण घरात आणायची?"

"भट्टी कोणाला बुडवत नाही," बायको म्हणाली. "ती नुसती तापते. आणि घरात नाही आणायची."

कात्रीची आई त्यांच्याजवळच राहायची. तिचं जग टीव्हीवरच्या मालिकांचं, आणि मालिकांमधले धंदेवाले इथूनतिथून सारखे. कोट घालून जिन्यावरून उतरायचं, सख्ख्या भावाची कागदावर सही घ्यायची आणि पुढच्या भागात कोणीतरी कोणाच्या तरी दुधात काहीतरी घालायचं. धंदा आला की घर फुटतं, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

"सूनबाई, दात करायचे तितके कर," ती म्हणाली. "पण मालकीण झालीस की तूही जिन्यावरून उतरायला लागशील."

"आई, आपल्या घराला जिनाच नाही."

"म्हणून तर टिकलंय."

सगळे हसले, कात्रीही हसला. पण दुपारीच त्याने एका फर्निचरवाल्याची बातमी जुळवली होती. दुकानातल्या खुर्च्या ट्रकमध्ये चढताना तो माणूस रस्त्यावर उभा राहून काय काय बोलत होता, ते कात्रीच्या कानातून अजून गेलं नव्हतं.

साबणवालीची मुलाखत लागली ती त्यानंतरच्या सकाळी. ही बाई कापडदुकानातली नोकरी सोडून घराच्या मागच्या खोलीत साबण बनवायला लागली होती. साखर तिच्याकडे जाऊन मुलाखत घेऊन आली होती, कात्रीने ती नेहमीसारखी धुऊनपुसून ठेवली होती आणि विसरूनही गेला होता. त्या सकाळी तो घरीच होता. बायको डबा भरत होती. रेडिओवर साखरेने तिचा ठरलेला प्रश्न विचारला, कधी वाटलं नाही का, की आपण चुकलो? आणि साबणवाली फाडकन म्हणाली, "नाही. कधीच नाही."

बायकोचा हात डब्याच्या झाकणावर थबकला.

"एकदासुद्धा नाही?" ती रेडिओलाच म्हणाली. मग कात्रीकडे वळली. "तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही रे."

कात्रीला ती जागा आठवली. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये पडद्यावर सपाट रेघ होती, चांगली चार बोटं रुंद. एवढी लांब रेघ क्वचितच येते, म्हणून ध्यानात राहिली. साबणवाली थांबली होती. आणि ते थांबणं त्याने उडवून टाकलं होतं.

तो बोलायला गेला तोवर बायको चपला पायात सरकवून दाराबाहेर पडली होती.

तिथून पुढे बायकोचं वागणं बदललं. भाजी चिरता चिरता ती मध्येच थांबायची. लॅबमधल्या रंगपट्ट्यांची जुडी ती घरी घेऊन आली; तारेत ओवलेले नमुन्याचे दात, प्रत्येकाची छटा वेगळी. सकाळी खिडकीशी उभी राहून आरशात बघत ती तोच तो दात आपल्या दाताला लावून बघायची, काढायची, पुन्हा लावायची. कात्रीला वाटायचं, हिची तयारी जोरात चालली आहे. "मी काय म्हणते," ती म्हणायची, आणि पुढे काहीच म्हणायची नाही. कात्रीला मोकळी जागा घरीही सोसत नसे. तो लगेच पुढचं वाक्य भरायचा.

"तुझं ठरलंय. कळलं मला."

ती त्याच्याकडे बघायची आणि कामाला लागायची. एकदा अंथरूण घालताना ती म्हणाली, "मला ना, रोज सकाळी उठल्यावर..." आणि उशी हातात धरून उभी राहिली.

"उत्साह वाटतो," कात्री म्हणाला. "दिसतंय की."

ती गप्प बसली. त्याने त्याचा अर्थ हो असा घेतला.

आणि जसजसा शुक्रवार जवळ आला, तसतसा त्याचा जीव टांगणीला लागला. दुपारच्या बातम्या जुळवताना त्याला प्रत्येक बंद फाटकासमोर बायको दिसायची, पांढरा एप्रन घातलेली, हातात ती दातांची जुडी. वृत्तप्रमुख हुंदका वर घे म्हणायचे, तेव्हा तो आधी बाकीचं जुळवत बसायचा. बायको एका 'नाही'च्या जोरावर हातची नोकरी सोडणार, आणि ते 'नाही' माझ्या हातचं आहे, हा विचार त्याला जेवू देईना.

गुरुवारी त्याने धीर करून विषय काढला. साबणवालीचं ते उत्तर तेवढं मनावर घेऊ नकोस, तो म्हणाला. तिथे ती थांबली होती, बराच वेळ. मी कापलं.

बायको कपडे वाळत घालत होती. तिने हातातला टॉवेल झटकला.

"तुला नकोच आहे ना हे? मग सरळ म्हण. तिच्या नावावर कशाला खपवतोस?"

"अगं, खरंच थांबली होती."

"मग ऐकव."

ऐकवणं सोपं नव्हतं. मूळ मुलाखती केंद्राच्या साठ्यात राहायच्या आणि दर शुक्रवारी सकाळी साठा रिकामा व्हायचा, पुढच्यांना जागा हवी म्हणून. शिवाय तिथलं काही बाहेर न्यायला मनाई होती. शुक्रवारी कात्री झाडूवाल्याच्याही आधी केंद्रात पोचला. साबणवाली अजून तिथे होती. त्याने हेडफोन चढवला आणि ती जागा शोधून काढली.

साखरेचा प्रश्न आला. मग ती रेघ. त्या रेघेत काहीच नाही, असं त्याने तेव्हा धरलं होतं, कारण तेव्हा त्याने ती फक्त पाहिली होती. आता ऐकली. नळातून पाणी ठिबकत होतं. लाकडावर ठेवलेला फोन घुरघुरत होता. तो थांबला आणि पुन्हा घुरघुरायला लागला, आणि कोणी उचलत नव्हतं. साबणवालीने श्वास आत ओढला आणि तसाच सोडून दिला. पुन्हा ओढला. मग "नाही," ती म्हणाली. रेडिओवर लागलं होतं त्यापेक्षा कितीतरी हळू. आवाज चढवला होता त्यानेच. "कधीच नाही." आणि लगेच, जरा हसून, तोंड बाजूला वळवल्यासारख्या आवाजात: "असंच म्हणायचं असतं ना?"

हे वाक्य कात्रीला आठवतच नव्हतं. ते त्याच्याच हातून गेलं होतं, आणि त्याला त्याची गंधवार्ताही उरली नव्हती.

तो ते पुन्हा ऐकत होता तेवढ्यात साखर आली. सकाळी लवकर येऊन घसा मोकळा करायची तिची सवय होती. काय उकरतोयस, तिने विचारलं. त्याने हेडफोन पुढे केला. तिने ऐकलं, चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"बरोबर कापलंस," ती म्हणाली.

"ती घाबरली होती."

"सगळेच घाबरतात. मी रोज घाबरते, लाल दिवा लागला की. म्हणून ते ऐकवायचं? हे असं सोडलं असतं ना मी, तर ऐकणाऱ्या दहाजणी घाबरून घरी बसल्या असत्या."

त्यातली एक बसली तर मला चालेल, असं कात्रीच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. साबणवालीचं आता कसं चाललंय, एवढंच विचारलं.

"मला काय माहीत? मी मागाहून कोणाला फोन करते का?" साखर अगदी सहज म्हणाली आणि घसा खाकरत निघून गेली.

ती गेल्यावर कात्रीने तो तुकडा फोनमध्ये उतरवून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तो केंद्राचा नियम मोडत होता. फोन खिशात ठेवला तरी त्याचा हात खिशावरून निघेना.

जेवणाच्या सुट्टीत तो बायकोच्या लॅबवर गेला. दारातच ठशांचे डबे रचलेले, जमिनीवर पांढऱ्या पुडीचा थर, त्यात कामगारांच्या पावलांचे ठसे. आतून घासायच्या यंत्राची बारीक, कानात शिरणारी किंचाळी येत होती. बायको बाहेर आली तेव्हा तिच्या भुवयांवरही प्लास्टर होतं. त्याला बघून ती दचकली.

"आई बरी आहे ना?"

"बरी आहे. तू मालकाशी बोललीस?"

"ते जेवायला गेलेत. आल्यावर." तिने एप्रनला हात पुसले. "का?"

मागच्या जिन्यावर प्लास्टरची पोती ठेवलेली होती. तिथे दोघं बसली. कात्रीने फोन मध्ये ठेवला आणि तो तुकडा लावला. त्याचं लक्ष तिच्या चेहऱ्यावर होतं. आता हिचे डोळे उघडतील, आता ही म्हणेल, बरं झालं वेळेवर सांगितलंस. पाणी ठिबकलं, फोन घुरघुरला, साबणवालीने श्वास घेतला आणि सोडला. "असंच म्हणायचं असतं ना?"

"परत लाव," बायको म्हणाली.

त्याने परत लावलं. या वेळी ती खाली वाकून, कान फोनजवळ नेऊन ऐकत होती. संपल्यावर ती तशीच वाकून राहिली. मग पोत्याला पाठ टेकली.

"मी आज डॉक्टरांना नाही म्हणून कळवणार होते," ती म्हणाली.

कात्रीला आधी काही कळेचना. मग मालकाकडे कशाला चालली होतीस, त्याने विचारलं. टेबल निदान आतल्या खोलीच्या दाराशी तरी घ्या, एवढं मागायला, ती म्हणाली.

"पण तुझं तर ठरलं होतं."

"तू म्हणत होतास ठरलं. मी कधी म्हटलं?" ती चिडली नव्हती, नुसती दमली होती. "मला रोज सकाळी उठल्यावर पोटात ढवळतं. वाटतं, चुकतंय आपलं. आणि ही बाई म्हणते, कधीच नाही. आवाज हलत नाही, काही नाही. मी म्हटलं, हे लोक वेगळे असतात. आपण त्यातले नव्हेच. आपली नजर तरी धड राहिलीय का, इथपर्यंत मला वाटायला लागलं. रोज आरशात बघत होते."

कात्रीने सगळे दिवस मनात मागे नेले. उशी हातात धरलेली बायको, चिरता चिरता थांबलेली बायको, "मी काय म्हणते" म्हणून गप्प झालेली बायको. प्रत्येक ठिकाणी ती थांबली होती, आणि प्रत्येक ठिकाणी त्याने टोकाला टोक जुळवून दिलं होतं. आज तो इथे आलाच नसता तर संध्याकाळी एक फोन झाला असता आणि त्याला हवं होतं तेच घडलं असतं. ते थांबवायला तो स्वतःच्या पायांनी, नियम मोडून, इथवर चालत आला होता.

"तीही थांबली," बायको स्वतःशीच म्हणाली. "आणि तरी साबण करतेय."

"करतेय की नाही कोणाला माहीत. साखरेने परत विचारलेलं नाही." एवढं सांगणं भाग होतं. "आणि तो फोन वाजत होता तो उधारी मागणाऱ्याचाही असेल."

"गिऱ्हाइकाचाही असेल."

"उचलला नाही तिने."

"कशी उचलेल? तुमची माणसं बसली होती ना पुढ्यात."

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. मालक जेवून आला होता. बायको उठली, एप्रन झटकला, पांढरा धूर उडाला.

"काय सांगणार आहेस?" कात्रीने विचारलं.

पायरीवर एक पाय ठेवून ती थांबली. त्याच्या जिभेवर वाक्य तयार होतं. एक नव्हे, दोन. त्याने दात आवळले. आतलं यंत्र किंचाळलं, बंद पडलं, कोणीतरी कोणाला तरी हाक मारली. ती अजून उभीच होती.

"अजून माहीत नाही," शेवटी ती म्हणाली. "आत गेल्यावर कळेल." आणि गेली.

दुपारी बातम्यांमध्ये छत्र्या बनवणारा एक कारखाना बंद पडला. वृत्तप्रमुखांनी हुंदका वर आणायला सांगितला आणि कात्रीने तो आणला. शेवटी ती नोकरी होती. फोन टेबलावर उलटा घालून ठेवला होता, आणि तो दर थोड्या वेळाने सरळ करून बघत होता. बायकोचा काही निरोप नव्हता.

संध्याकाळी घरी आला तर आई मालिकेपुढे बसलेली. सूनबाई आली नाही अजून, तिने सांगितलं. कात्रीने पाणी पिण्यासाठी ग्लास भरला आणि तो तसाच ओट्यावर ठेवून दिला. खिडकीतून रस्ता बघून आला. परत गेला. काय रे, पायाला चाकं लागलीत का, आई म्हणाली.

बायको आली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. ती काही न बोलता टेबलापाशी गेली, पिशवीतून कापडाची एक गुंडाळी काढली आणि टेबलावर सोडली. आत तिचे ब्रश होते. बारीक टोकांचे, मुठी तिच्या बोटांनी गुळगुळीत झालेले. हे ब्रश लॅबच्या टेबलावरच राहायचे. इतक्या वर्षांत ते कधी घरी आलेले कात्रीने पाहिले नव्हते.

"सांगितलं मी," ती म्हणाली. "महिनाअखेरपर्यंत येते म्हटलं. तर मालक म्हणाले, मग आजच जा. टेबल लगेच दुसऱ्याला दिलं, माझ्यासमोर. येता येता डॉक्टरांना हो म्हणून आले."

आईने टीव्हीचा आवाज बंद केला. मालिका चालू असताना तिने असं कधी केलं नव्हतं. पडद्यावर कोणीतरी कोट घालून जिन्यावरून उतरत होता, तोंड हलत होतं, आवाज नव्हता.

बायको खुर्चीवर बसली आणि तिने कात्रीकडे बघितलं.

"तुला काय वाटतं? चुकलं माझं?"

प्रश्न त्याच्या ओळखीचा होता. त्याची उत्तरंही पाठ होती. साखरेचं एक, वृत्तप्रमुखांचं एक, दोन्ही साफ करून ठेवलेली, नुसती सोडायची बाकी. फ्रिज गुणगुणत होता. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढली. आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. बायको वाट बघत होती, आणि तिने मध्ये एक शब्द टाकला नाही.

"माहीत नाही," कात्री म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "मला भीती वाटतेय."

"मला पण."

ती एवढंच म्हणाली, पण तिचे खांदे खाली आले. तिने गुंडाळी उघडली आणि ब्रश एकेक करून उजेडाकडे धरून बघायला लागली. हात थरथरत होता. थरथरणाऱ्या हाताने दात होत नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यालाही.

"भट्टी उद्या आणायची," ती म्हणाली. "तो माणूस सकाळीच भेटेल. दुसऱ्याच्या लॅबमध्ये लागलाय तो आता, दुपारी नसतो."

लॅब बंद केलेला माणूस दुसरीकडे कामाला जातो, सकाळी घरी असतो, भट्टी विकायला दार उघडतो. कात्रीने हे दोनदा मनात घोळवलं. बंद फाटकानंतर माणसाचं काय होतं, ही बातमी त्याच्याकडे आजवर आली नव्हती.

"मी येतो बरोबर," तो म्हणाला. "मला त्याला एक विचारायचंय."

"काय?"

काय ते त्याला नीट मांडता येईना. तो शब्द शोधत राहिला. बायकोने ब्रश खाली ठेवला आणि थांबली.

"हा बोलणार आहे का काही?" आई रिमोट हातात धरून म्हणाली. "नाहीतर मी आवाज सोडते."

"थांबा हो आई," बायको म्हणाली. "बोलेल तो."